फ्रान्सच्या बाईचं तोंड

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी अमरावतीला मुलींच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होते आणि घरी साडीच्या खोक्यात फ्रान्समधल्या गाणाऱ्यांचे फोटो जमवत होते. स्टेजवर गाताना काढलेले, काळेपांढरे, चकचकीत कागदावरचे फोटो. आज हे सांगितलं तर लोक हसून सोडून देतात. तेव्हा कुणी सोडून देत नसे. घरी येणारा प्रत्येक माणूस खोकं उघडायला लावायचा आणि पहिल्याच फोटोवर बोट ठेवून विचारायचा, ही कोण? गाणारी आहे म्हटलं की कोणत्या सिनेमात गाते? सिनेमात नाही, स्टेजवर गाते म्हटलं की मग नाटकातली का? तेही नाही म्हटलं की नात्यातली आहे का, ओळखीची आहे का, आणि शेवटी सगळ्यांचा ठरलेला प्रश्न, "मंग फोटो कायले ठेवला?" अचलपूरची आत्या वर्षातून चारदा यायची आणि चारही वेळा हे सगळं पहिल्यापासून विचारायची. मी पहिल्यापासून सांगायची. आत्या मान हलवायची आणि आईला म्हणायची, पोरीचं लग्न लवकर पाहा.

या नादाला मला रेडिओनं लावलं. बाबा कचेरीतून आले की बातम्यांसाठी काटा फिरवायचे आणि मधेच कुठं तरी, दोन खरखरींच्या मधे, एक बाई गात असायची. भाषा फ्रेंच आहे हे निवेदकानं सांगितलं म्हणून कळलं. ती जे गायची त्याला आमच्या घरात कुणी गाणं म्हटलं नसतं. ती बोलायची, भांडल्यासारखी करायची, मधेच आवाज चढवायची आणि एकदम गप्प व्हायची. तेवढ्यात बाबा काटा पुढं सरकवायचे. मला चार-पाच ओळींपलीकडं एकही गाणं पुरतं ऐकायला मिळालं नाही, आणि बहुधा म्हणूनच मी त्याच्या मागं लागले. पुरतं ऐकायला मिळालं असतं तर कंटाळलेही असते.

त्याच सुमाराला कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात पत्रमैत्रीचं पान सापडलं. त्यात फ्रान्समधल्या एका लहानशा शहरातल्या मुलीचा पत्ता होता. मी लिहिलं, तिनं उत्तर दिलं. दोघींचं इंग्रजी सारखंच वाईट होतं, त्यामुळं जमलं. ती फोटो धुण्याच्या दुकानात कामाला होती. त्यांच्या गावात एक सभागृह होतं, तिथं पॅरिसहून गाणारे यायचे, आणि तिचा मालक तिथले फोटो काढून वर्तमानपत्रांना द्यायचा. ज्या प्रती बिघडायच्या त्या ती मला पाठवायची. माझ्या संग्रहातल्या निम्म्या लोकांचे हात हललेले होते, एका मोठ्या गायकाचं डोकं कपाळावरून छाटलेलं होतं, आणि एकीच्या चेहऱ्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा होता. मला त्याचं काहीच वाटत नसे. रेडिओतला आवाज ज्यांच्या तोंडातून निघत होता ती तोंडं मला दिसत होती.

पण वऱ्हाडात फोटो सांभाळणं म्हणजे काय ते ज्यानं सांभाळले त्यालाच ठाऊक. मे महिन्यात ते पापडासारखे वळायचे. जुलैत एकमेकांना चिकटून बसायचे, ओढून सोडवावेत तर एकाचं नाक दुसऱ्याच्या पाठीवर यायचं. खोक्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या तर गोळ्यांचे पिवळे डाग पडले. त्यात पोस्टमन. त्याला तिकिटं हवी असायची, म्हणून तो पाकीट हातात न देता अंगणात उभा राहून "फ्रान्सचं आलं" असं अख्ख्या गल्लीला सांगायचा. आणि आई. आईला या बाया मुळीच आवडत नसत. उघडे दंड, कापलेले केस आणि जबडा वासलेला, असं तिचं म्हणणं. पण खोक्यातून फोटो खाली पडून तिचा पाय लागला की ती चटकन उचलून कपाळाला लावायची, कारण शेवटी माणसाचा फोटो होता. दिवसभर जिला नावं ठेवायची तिलाच नमस्कार करायचा, याचं मला हसू येण्याऐवजी रागच यायचा. त्या वयात मला सगळ्याचाच राग यायचा.

एका फेब्रुवारीत फ्रान्सच्या मैत्रिणीकडून जाड पुठ्ठ्यात बांधलेला एक फोटो आला. हा बिघडलेला नव्हता. लहानसं स्टेज होतं, मागं पडद्याला घडी पडलेली दिसत होती, आणि एक तरुण बाई माइक दोन्ही हातांनी धरून गात होती. डोळे घट्ट मिटलेले, तोंड पूर्ण उघडं, वरचे खालचे दात दिसत होते, गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या, घामानं केस कपाळाला चिकटलेले. माझ्याकडं तोवर पस्तीसेक फोटो होते. त्यांतल्या एकाही माणसाला मी असं गाताना पाहिलं नव्हतं. बाकीचे सगळे गाता गाता थोडे फोटोसाठीही उभे होते. हिला फोटो काढला जातोय याची खबर नव्हती.

सोबतच्या पत्रात मैत्रिणीनं लिहिलं होतं की हा फोटो बिघडलेला नाही आणि भेटही नाही. हा एकच आहे, याची निगेटिव्हही उरलेली नाही आणि दुसरी प्रतही नाही. महिनाभर तुझ्या खोक्यात बाकीच्यांबरोबर ठेव आणि परत पाठव. बाईचं नाव लिहिलं नव्हतं. मी उलट टपाली वचन दिलं की महिन्याच्या आत, जसाच्या तसा परत पाठवीन. 'जसाच्या तसा' हे शब्द मी शब्दकोशात पाहून, खाली रेघ ओढून लिहिले होते.

इथं माझी चूक आहे, ती आधी सांगून टाकते, नाहीतर पुढं मी सगळ्यांवर चिडत सुटणार आणि वाचणाऱ्याला वाटणार की मी धुतल्या तांदळाची. मला त्या फोटोची हाव सुटली. परत तर करायचाच होता, पण एक कॉपी काढून ठेवली तर तिला काय कळणार होतं? अमरावतीत स्टुडिओ होते. पण एका स्टुडिओवाल्यानं फोटो हातात घेऊन इतका वेळ पाहिला, आणि नंतर शाळेचं नाव विचारलं, की मी तो परत घेऊन निघून आले. बिनबाह्यांच्या झग्यातली बाई घेऊन शाळेच्या बाई हिंडतात, ही बातमी हेडबाईंकडं पोचायला एक मधली सुट्टी पुरली असती.

तेवढ्यात होळीला अकोल्याहून भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेलाच्या गिरणीत नोकरीला होते, स्वभावानं अत्यंत चांगले, आणि जगातल्या कुठल्याही कामाला 'माझ्यावर सोड' म्हणणारे. त्यांच्यावर सोडलेल्या कामांचं काय होतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण जावयाबद्दल असं बोलायची रीत नव्हती. त्यांच्या आणि बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी स्वतःवर घेतल्या होत्या. त्या लग्नानंतर आठवड्यानं छापून आल्या आणि सगळ्यांनी कागद किती चांगला आहे ते सांगितलं.

भाऊजींनी फोटो पाहिला, माझी अडचण ऐकली आणि म्हणाले, अकोल्याला जुन्या शहरात एक पेंटर आहे, त्याच्यासारखा कॉपी काढणारा साऱ्या वऱ्हाडात नाही, माझ्यावर सोड. मी म्हटलं, फक्त कॉपी हवी आहे, दुसरं काही नको. ते म्हणाले, "काहून घाबरून राहिली? चांगला करून आणतो." मी तो पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. आजही कुणी काही 'चांगला करून आणतो' म्हटलं की मी ती वस्तू हातातून सोडत नाही.

महिना उलटला. मी अकोल्याला दोन पत्रं टाकली. बहिणीचं उत्तर आलं की पेंटरच्या हातात फार कामं आहेत, पण तुझं काम तो मन लावून करतो आहे. मन लावून का करतो आहे, हे मला कळेना. कॉपीला मन लावायचं काय कारण? मी फ्रान्सला लिहिलं की मी आजारी आहे, थोडा उशीर होईल. खोटं लिहायला मला तेव्हा फारसं इंग्रजी लागलं नाही.

आंब्यांच्या दिवसांत भाऊजी स्वतः आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली चौकोनी वस्तू होती. मी सुतळी तोडली. आत सोनेरी काठांची फ्रेम होती आणि फ्रेममध्ये एक अनोळखी बाई माझ्याकडं बघत होती.

डोळे सताड उघडे, मोठे, बुबुळात पांढरा ठिपका दिलेला, पापण्यांना काजळासारखी काळी कड. ओठ मिटलेले आणि त्यांच्या कोपऱ्यात किंचित हसू. गळ्याच्या शिरा गेल्या होत्या, कपाळावरचे केस मागं गेले होते. फक्त माइक तिथंच होता. बंद तोंडासमोर दोन्ही हातांनी माइक धरून ती बाई शाळेच्या गॅदरिंगमध्ये आभार मानायला उभी केलेल्या आणि शब्द विसरलेल्या पोरीसारखी दिसत होती. मला काय झालं ते समजायलाच दोन मिनिटं लागली. मग मी फ्रेमची मागची पाटी उचकटून फोटो बाहेर काढला आणि पालथा करून पाहिला. मागं फ्रेंच दुकानाचा शिक्का होता. कॉपी नव्हती. मूळ फोटोच होता. उजेडात तिरपा धरला तेव्हा डोळ्यांच्या जागी चकाकी पात्यानं खरवडलेली दिसली, आणि तोंडाच्या जागी रंगाचा थर.

मी म्हटलं, भाऊजी, हे काय केलं? आवाज चढला असणार, कारण आईनं लगेच मला चहा ठेवायला आत पाठवलं. आत येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "जवायानं एवढ्या हौसेनं आणलं, अन् तू तोंड वाकडं करून राहिली." मी सांगितलं की फोटोचा सत्यानाश झाला आहे. आईनं दारातून फ्रेमकडं नजर टाकली आणि म्हणाली की उलट आता ती बाई घरंदाज दिसते. बाईमाणसानं एवढं तोंड उघडू नये, हे तर ती पहिल्यापासून म्हणत होती. बाबांनाही ती पहिल्यापेक्षा बरी वाटली. आत्या होतीच, तिनं पहिल्यांदाच ही कोण असं विचारलं नाही. घरात एकटी मी रडत होते आणि एकूण एक माणूस खूष होतं. त्या दिवसासारखा संताप मला नंतर क्वचितच आला असेल, आणि तो काढायला जागाही नव्हती. जावयावर काढता येत नाही, आईवर काढला तर ती जेवत नाही. मी चहात साखर टाकली नाही, एवढाच काय तो सूड. भाऊजी तो तसाच प्यायले आणि चांगला झाला म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं, तेही अभिमानानं. त्या पेंटरचं मुख्य काम कॉपी काढणं हे नव्हतंच. त्या काळात आमच्याकडच्या खेड्यांतल्या पुष्कळ माणसांचा आयुष्यातला पहिला फोटो ती गेल्यावरच निघायचा. दर्यापूरकडून, हिवरखेडकडून लोक बापाचा किंवा आईचा तसला फोटो घेऊन यायचे, खुर्चीत टेकवून बसवलेला, डोळे मिटलेले, जबडा सैल पडलेला. पेंटर ब्रशनं डोळे उघडायचा आणि तोंड मिटायचा, आणि मग ते माणूस भिंतीवर लावण्याजोगं व्हायचं. भाऊजींच्या स्वतःच्या वडिलांचे डोळे त्यानंच उघडले होते. मी तो फोटो बहिणीच्या घरी कितीदा पाहिला होता आणि ते गृहस्थ फोटोत फार करारी दिसतात असं मला नेहमी वाटायचं.

तर भाऊजी फोटो घेऊन गेले. पेंटरनं मिटलेले डोळे आणि उघडं तोंड पाहिलं आणि विचारलं, "बाई हायेत का गेल्या?" भाऊजींना वाटलं, बाई इथं आहेत की कुठं गेल्या, असं तो विचारतो आहे. ते म्हणाले, इथं नाहीत त्या, लय दूर असतात. पेंटरनं हातातला ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, कवा गेल्या? भाऊजींना ते काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, फोटो फेब्रुवारीत आला. वय काय होतं? पंचविशीतल्या दिसतात. पेंटरला फार वाईट वाटलं. त्यानं विचारलं, कुंकू लावू का? भाऊजींनी विचार करून सांगितलं की नको, त्यांच्यात नसते. आणि निघताना म्हणाले, जरा चांगला करून द्या, माझ्या साळीचा जीव आहे या फोटोवर. यानंतर कुठल्या पेंटरनं मन लावून काम केलं नसतं?

मी पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं आणि पाचव्यांदा सगळं खरं लिहिलं. कॉपीची हाव, आजारपणाचं खोटं, आमच्याकडं मिटल्या डोळ्यांच्या फोटोचा अर्थ काय होतो ते, सगळं. पेंटरनं तिला मेलेली समजून जिवंत केलं, असं एक वाक्य मी लिहिलं आणि ते विनोदी वाटेल म्हणून तसंच ठेवलं. फोटो पुठ्ठ्यात बांधून रजिस्टर्ड पाठवला. पोस्टात कारकुनानं आत काय आहे विचारलं तेव्हा मी फोटो म्हटलं. तो म्हणाला, कुणाचा?

दोन महिने काही आलं नाही. माझ्या आयुष्यात मला हवं ते लिहिता येईल असं एकच माणूस होतं आणि तेही मी स्वतःच्या हातानं घालवलं, याची मला खात्री झाली. पोस्टमन रोज गेटवरून हात हलवून पुढं जायचा. खोकं मी कपाटाच्या वर टाकून दिलं. आईनं ते पुसून पुन्हा खाली आणून ठेवलं. मी पुन्हा वर टाकलं.

ऑगस्टच्या शेवटी उत्तर आलं. त्या पत्रातलं सगळं मी इथं सांगणार नाही, पण हे सांगायलाच हवं. फोटोतली बाई तिची थोरली बहीण होती. आदल्या हिवाळ्यात ती आजारानं गेली होती. ती लहान लहान ठिकाणी गायची, तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गाण्यावरून तिचं आईशी कधी पटलं नाही. आई तिच्या एकाही कार्यक्रमाला गेली नव्हती. मैत्रिणीनं लिहिलं होतं की तुझ्या खोक्यात सगळे मोठमोठे गाणारे आहेत, तिथं बहिणीनं एक महिना राहावं असं मला वाटलं, म्हणून तो फोटो पाठवला. तू तिला ओळखत नव्हतीस, म्हणजे तू तिला बाकीच्यांसारखीच पाहिली असतीस.

मी ते विनोदी वाक्य लिहिलं होतं. ते आठवून मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढं लिहिलं होतं की फोटोचं पाकीट तिच्या आईनंच उघडलं. बघत राहिली, आणि तो आपल्या पलंगाजवळ लावला. दवाखान्यात शेवटचे चार दिवस बहिणीनं डोळे उघडलेच नव्हते, आणि आता ते उघडे होते, त्यामुळं आई त्या पेंटरला रोज दुवा देते. "मी आईला काही बोलत नाही," मैत्रिणीनं लिहिलं होतं, "पण माझ्या बहिणीनं जन्मभर कुणाच्या सांगण्यावरून तोंड मिटलं नाही. या फोटोत आई जिंकली. तुमच्या पेंटरला तिचं तोंड पुन्हा उघडता येईल का? डोळे राहू देत. मला माझ्यासाठी एक हवा आहे."

दिवाळीच्या सुट्टीत मी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेले. तिथून पेंटरकडं भाऊजी सोबत आलेच. माझ्यावर सोड म्हणायच्या आत मी त्यांना सांगितलं की या वेळी बोलणार मी. पेंटरचं दुकान लहान होतं. भिंतीवर ओळीनं डोळे उघडे असलेली आणि तोंडं मिटलेली माणसं होती, पागोट्यातली, नऊवारीतली, एक-दोन लहान मुलंही. पेंटर साठीचा असेल. मी रस्ताभर जे ठरवून आले होते ते सगळं बोलले. बिनपरवानगी मूळ फोटोवर पातं कसं चालवलं, विचारलं का नाही, कॉपी म्हणजे काय हे कळत नाही का. भाऊजी भिंतीकडं बघत बसले. मग मी त्याला पत्रात काय आहे ते सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे बाई गेल्याच होत्या. मी म्हटलं, हो.

त्यानं काम झाल्यावर मूळ फोटोचा फोटो काढून ठेवला होता, त्यामुळं कॉपी निघू शकत होती. पण तोंडाचं नाव काढल्यावर तो ब्रश पुसायला लागला.

"डोये उघडाचं काम मले रोज येते, बाई," तो म्हणाला. "तोंड उघडून द्या म्हणून आजपावतर कोणी आलं नाही. मले जमते का नाही, हेच मले ठाऊक नाही."

त्यानं विचारलं, तोंड कसं होतं? मी सांगायला लागले, असं पूर्ण उघडं, दात दिसत होते. किती दात? वरचे सगळे का? जीभ कुठं होती? मला सांगता येईना. महिनाभर रोज पाहिलेला फोटो आणि जीभ कुठं होती ते मला सांगता येईना. तो म्हणाला, त्यानं आजवर उघडी तोंडं पाहिली ती सगळी गेलेल्यांची, ती सैल असतात, यात तसलं तोंड घालून चालणार नाही. मग तो म्हणाला की तुम्हीच उघडून दाखवा.

मी तोंड उघडलं. तो म्हणाला, हे दातांच्या डॉक्टरपुढं बसल्यासारखं झालं. गाऊन दाखवा.

मी तेवीस वर्षांची बाई, शाळेत शिकवणारी, शेजारी बहिणीचा नवरा बसलेला, दुकानाला दार नाही, रात्री फळ्या लावायच्या तेवढी मोकळी जागा, आणि बाहेर दिवाळीची गर्दी. मी म्हटलं, मला गाता येत नाही. पेंटर म्हणाला, त्याला गाणं ऐकायचं नाही, बघायचं आहे. मला खरंच दुसरं काही येत नव्हतं. मी भुलाबाईचं गाणं म्हणायला लागले, लहानपणी गल्लीत म्हणायचो ते. तो म्हणाला, एवढ्यानं नाही होत, मोठ्यानं. मी आणखी मोठ्यानं म्हटलं. माझे वरचे दोन दात पुढं आहेत आणि त्यांच्यात फट आहे, हे मला कधी विसरू दिलं गेलं नव्हतं, म्हणून मी हसतानासुद्धा पदर तोंडावर घ्यायची. तिथं पदर घेता येत नव्हता. रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबली. भाऊजी उठले आणि त्यांच्याकडं तोंड करून त्या मोकळ्या जागेत उभे राहिले, त्यांच्या पाठीमागं मी गात होते. गाणं संपलं की पेंटर म्हणायचा, पुन्हा. किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. पुढं पुढं मला तो रस्ता दिसेनासा झाला आणि मी कुणावर चिडले आहे हेही आठवेना, फक्त चिडले आहे एवढं राहिलं, आणि ते सगळं मी त्या गाण्यात घातलं. कागदावर त्याचा ब्रश भराभर चालायला लागला.

फोटो आठवड्यानं तयार झाला. मी तो अमरावतीला नेऊन कुणाला दाखवला नाही. अकोल्याच्याच पोस्टातून धाडला.

उत्तर थंडीत आलं, चार ओळींचं. मिटल्या तोंडाचा फोटो आईचा, उघड्या तोंडाचा तिचा, असं मैत्रिणीनं आईशी ठरवून घेतलं होतं आणि दोन फोटो आता दोन खोल्यांत होते. हे तोंड माझ्या बहिणीचं नाही, तिनं लिहिलं होतं, पण उघडं आहे, म्हणून ठेवून घेते. आणि शेवटच्या ओळीत विचारलं होतं, हे दात कुणाचे आहेत?

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं की माझे.